सातव्या दाराची तक्रार

गिरिधर मोहरील खोटं बोलत नाही, अशी नागपूरच्या सक्करदऱ्यात ख्याती होती. कारण एवढंच, की त्याला खोटं बोलता येत नसे. रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात हे मोठंच व्यंग. गिऱ्हाइकानं विचारलं, "काय बिघडलं होतं?" तर बाकीचे मेकॅनिक कपाळाला आठ्या घालून तीन पार्टांची नावं घेत. गिरिधर म्हणे, "काही नाही, वायर निघाली होती." मग गिऱ्हाईक एका वायरीच्या मानानं पैसे देई आणि वर चहा पिऊन जाई.

या व्यंगाचा त्याला एकदाच उपयोग झाला होता. लग्नाच्या वेळी सुहासिनीच्या वडिलांनी चौकशीचं पत्र टाकलं ते नेमकं समोरच्या घरातल्या नानाजींना. नानाजी पोस्टमास्तर. त्यांनी उलट टपाली कळवलं : 'मुलगा रंगानं सावळा. कमाई बेताची. खोटं बोलत नाही.' पहिल्या दोन गोष्टी बघायला आलेल्यांना दिसतच होत्या. लग्न तिसरीवर झालं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत सुहासिनीचा भाऊ वसंत अमेरिकेहून आला आणि भाऊबीजेला त्यानं ओवाळणीत एक खोकं घातलं. त्यात 'गॅलट्रॉन' नावाचा व्हिडिओ गेम होता. चपटं काळं यंत्र, त्यावर इंग्रजी अक्षरांच्या बटणांची पाटी, दोन दांडके आणि सहा कॅसेटी. यंत्र टीव्हीला जोडायचं, कॅसेट खोचायची आणि दांडक्यानं पडद्यावरचा ठिपका हलवायचा. अमेरिकेतली वीज आपल्या निम्म्या जोराची, म्हणून गिरिधरनं आधी त्यासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. चित्र सुरुवातीला कपबशीतल्या चहासारखं डचमळत होतं, ते त्यानं टीव्हीचं पोट उघडून स्थिर केलं. रंग काही आले नाहीत. काळ्यापांढऱ्यावर भागलं.

सहाही कॅसेटींत कोणी ना कोणी कोणाला तरी गोळ्या घालत होतं. नानाजींनी दोन खेळ पाहिले आणि दांडका खाली ठेवला.

"यात डोकं कुठं लागते गा? दिसला की मारायचं. हे तर आपल्या गल्लीतले कुत्रेही करते."

तोवर नानाजी निवृत्त झाले होते, वय एकाहत्तर. बहीण प्रयागबाई घर सांभाळे आणि नानाजी छापील मजकूर वाचत. कुठलाही. औषधाच्या बाटलीवरचा, रेल्वेच्या तिकिटामागचा. खोक्यातलं माहितीपुस्तक त्यांनी घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं पान उघडं धरूनच परत आणलं.

पानावर एक चित्र होतं. हातात कंदील घेतलेला माणूस तळघराच्या पायऱ्या उतरतोय, खाली एकामागे एक दारं. खाली इंग्रजीत : 'लवकरच येत आहे. सात दारं. सातव्या दारामागे काय आहे, ते उघडणाऱ्यालाच कळेल.'

"हा खेळ मले पाहिजे," नानाजी म्हणाले.

गिरिधरला आश्चर्य वाटलं. नानाजींना काही पाहिजे असं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"अडतीस वर्षं दुसऱ्यायची बंद पाकिटं हातातून गेली," नानाजी म्हणाले. "एक उघडून नाही पाहिलं. उजेडातही धरलं नाही. आता एक दार तरी उघडून पाहू दे न बाप्पा. कधी येईल?"

"वसंताले लिहितो. येईल," गिरिधर म्हणाला, आणि ते तेव्हा खरंच होतं. त्यानं त्याच संध्याकाळी लिहिलंसुद्धा.

पुढे वर्षभर नानाजी दर आठवड्याला विचारत आणि गिरिधर 'येईल' म्हणे. खरेपणा दुधासारखा असतो, रोज तोच तापवत बसलं की एक दिवस नासतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत वसंताचं पत्र आलं. कंपनी बंद पडली. गॅलट्रॉन बनणं थांबलं. सात दारांचा खेळ बाजारात आलाच नाही, आता येणारही नाही. 'ते यंत्र आता फळीवर ठेवून दे,' असा सल्ला होता.

गिरिधर पत्र घेऊन समोर गेला. सांगायलाच गेला होता. पण नानाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, डाव्यानं सगळं धूसर, आणि चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "गिरिधर का? पंधरा दिवसांनी चश्मा देते म्हणे. तोपर्यंत ते दारवालं येऊन जाईल न?"

"निघालं आहे," गिरिधर म्हणाला. "बोटीनं येऊन राहिलं."

तो अडखळला नाही, की त्याचे कान लाल झाले नाहीत. इतकी वर्षं आपल्याला जमत नाही असं आपण समजत होतो आणि हे तर सायकल चालवण्याइतकं सोपं निघालं, याच विचारात तो घरी आला.

सुहासिनीनं ऐकून घेतलं. "आता जाऊन सांगा," ती म्हणाली.

"पट्टी निघू दे."

पट्टी निघाली. जाड भिंगाचा चष्मा आला. नानाजींनी चष्म्यातून पहिली विचारपूस बोटीची केली. "मुंबईले लागली असेल आता."

सांगण्याऐवजी गिरिधरनं दुसरी वाट धरली. ती जास्त कष्टाची होती, म्हणून त्याला ती प्रामाणिक वाटली. सहा कॅसेटींपैकी एक हौशी लोकांसाठी होती. ती खोचली की पाटीवरून आकड्याअक्षरांच्या जोड्या टाकून आपला आपण खेळ बनवता येई. सोबत दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. गिरिधर ते दुकानात सोल्डरिंगच्या धुरात वाचायचा. पाच महिने गिऱ्हाइकांचे रेडिओ फळीवर मुके पडले आणि मोहरील रेडिओजमध्ये एका तळघराचं खोदकाम चाललं.

यंत्राचं पोट फार लहान. कंदीलवाला माणूस बसवला, पायऱ्या बसवल्या, तर दारं मावेनात. शेवटी चार मावली. जाहिरात सातव्या दाराची होती, त्यामुळे चौथ्या दारावर त्यानं ७ घातला. त्या दारामागे काहीतरी ठेवायचं तर अकरा जोड्या उरल्या होत्या. अकरा जोड्यांत एक चौकोन लुकलुकतो, बाकी काही होत नाही. तेवढा त्यानं लुकलुकवला.

आणखी एक भानगड होती. यंत्र बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जाई. म्हणजे दर खेपेला सहाशे बारा जोड्या नव्यानं टाकायच्या. मंगळवारी दुकान बंद. नानाजींनी मंगळवारी चारला यायचं ठरलं. दुपारी दोनपासून सुहासिनी वही घेऊन बसायची, पाढे म्हणावेत तसं एका सुरात वाचायची, आणि गिरिधर पाटीवर बोटं दाबायचा.

"आठ अ. सात शून्य. तीन क… तुम्ही पाहून राहिले न? तीन क."

"टाकलं."

"मी बी.ए. झाली तेव्हा आई म्हणे, शिकलेलं वाया जात नाही," ती म्हणे आणि पुढचं पान उलटे.

त्याच हौशी कॅसेटीवर गिरिधरनं माहितीपुस्तकातलं ते चित्र कापून चिकटवलं होतं. चित्र थोडं वाकडं बसलं. मध्येच वीज गेली तर सगळं तळघर नाहीसं होई, मग तो दारातच नानाजींना सांगे, "आज कॅसेट तापली, नानाजी. थंडी होऊ द्या लागते." नानाजी मान डोलवून परत जात. यंत्रांना विश्रांती लागते, हे त्यांना खात्याच्या अनुभवावरून पटत असे.

नानाजी खेळले मात्र जीव ओतून. दांडका दोन्ही हातांनी धरून, जीभ दाताखाली. तिसऱ्या मंगळवारी सातवं दार उघडलं. चौकोन लुकलुकला. नानाजी बराच वेळ पाहत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच," गिरिधर म्हणाला.

"अन् दारं एक, दोन, तीन, मंग डायरेक्ट सात? अमेरिकेत मोजणी वेगळी आहे का?"

"तिकडे घाई असते, नानाजी."

नानाजी घरी गेले. गिरिधरला वाटलं, संपलं. त्यानं वही कपाटात टाकली आणि त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी गाढ झोपला. अडतीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस असमाधानी झाला की काय करतो, याचा त्याला विसर पडला होता.

शुक्रवारी नानाजी फुलस्केपचे तीन कागद घेऊन आले. कंपनीला तक्रार. माहितीपुस्तकाच्या पाठीवर पत्ता होताच. एकूण चौदा मुद्दे, मध्ये कार्बन घालून दोन प्रती. मुद्दा पहिला : जाहिरातीत दारं सात, प्रत्यक्षात चार. मुद्दा चौथा : कंदील धरलेल्या इसमास डावीकडे वळता येत नाही. मुद्दा नववा : कंदील असूनही उजेड पडत नाही. मुद्दा तेरावा : कॅसेट वारंवार तापते. आणि चौदावा : 'तथापि ज्या कारागिराने हे काम केले त्यास दोष देऊ नये. तिसऱ्या दाराची कडी त्याने फार मन लावून केलेली दिसते. त्यास जागा व वेळ कमी पडला असावा. याचा दोष वरिष्ठांकडे जातो.'

"तू एकदा नजर घाल," नानाजी म्हणाले. "काही कडक झालं का?"

गिरिधरनं चौदावा मुद्दा दोनदा वाचला. ती कडी त्यानं आठ दिवस केली होती. "नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"रजिस्टर करतो. पोचपावतीसहित. पोचपावती नसली की पत्र म्हणजे नुसतं मनातलं बोलणं."

गिरिधर त्या दिवसापासून टपाल खात्याच्या गलथानपणावर श्रद्धा ठेवून जगू लागला. बंद कंपनी, कुलूप लावलेली इमारत, सात समुद्र. पत्र हरवायला आणखी काय पाहिजे? पण पोस्टमन धोंडबा त्याला वळणावर भेटला तेव्हा सहज म्हणाला, "नानाजीच्या हातचं पाकीट हरवत नाही, भाऊ. आमची हिंमत नाही."

दोन महिन्यांनी गुलाबी पोचपावती आली. कोणाची तरी सही होती.

मग नानाजींच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पट्टी, वाचन बंद. उजव्या डोळ्याचा जाड चष्मा पट्टीवर बसत नसे, त्यामुळे तोही डोळा कामातून गेला. दुसऱ्याच दिवशी धोंडबानं सायकल सरळ नानाजींच्या अंगणात घातली आणि गिरिधरला रस्त्यापलीकडून हाक मारली. "भाऊ, या! अमेरिका आली!"

खाटेवर नानाजी उशीला टेकून बसले होते, हातात निळसर लांबट पाकीट. प्रयागबाई उदबत्ती लावायच्या बेतात होती.

"कोणी वाचलं नाही अजून," नानाजी म्हणाले. "आमची प्रयाग पोथी वाचते, इंग्रजी नाही. धोंडबाले पत्ता वाचता येते, मजकूर नाही. तू वाच. इंग्रजीतच वाच, मले शब्द पाहिजे."

गिरिधरनं पाकीट फोडलं. टाइप केलेलं एकच पान. त्यानं मनात वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर त्याच्या डोळ्यांपुढे त्याचंच तळघर आलं, दिवा नसलेलं.

"वाच न गा. थांबला काहून?"

खाटेवरचा माणूस पट्टी बांधून, मान किंचित वर करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, देवळात कीर्तनाला बसावं तसा.

"डिअर सर," गिरिधरनं वाचलं. इथवर पत्रात होतं. पुढचं पत्रात नव्हतं. "वुई आर रिसीव्हिंग युवर लेटर… अँड वुई आर फीलिंग व्हेरी सॉरी…"

नानाजींच्या कपाळावर पट्टीच्या वर एक आठी उमटली. "रिसीव्हिंग? अमेरिकेचं इंग्रजी इतकं खराब झालं?"

"तसंच लिहिलं आहे."

"अशा कंपन्या काहून बुडते, हे आता समजलं. पुढं?"

पुढे कंपनीनं चौदाच्या चौदा तक्रारी मान्य केल्या. वरिष्ठांना समज दिली. नानाजींसारखा ग्राहक आपल्याला प्रथमच लाभला, असं कंपनीनं मोडक्यातोडक्या शब्दांत, नागपूरच्या मॅट्रिकच्या वळणानं कबूल केलं. धोंडबानं मांडीवर थाप मारली. प्रयागबाईनं उदबत्ती लावलीच.

नानाजींनी हात पुढे केला. "दे."

गिरिधर पत्र तसंच धरून उभा होता.

"पत्र ज्याच्या नावाचं त्याच्यापाशी राहते. दे."

त्यानं दिलं. नानाजींनी ते घडीवर घडी घालून उशीखाली ठेवलं. "सोमवारी पट्टी निघते. मंग मीच वाचतो एकडाव."

त्या आठवड्यात गिरिधरचं दुकान जवळजवळ उघडलंच नाही. नानाजींना बघायला माणसं येत, आणि नानाजी प्रत्येकाला अमेरिकेनं माफी मागितल्याचं सांगून उशीखाली हात घालत. कोणी इंग्रजी जाणणारा असला तर? म्हणून गिरिधर सकाळपासून तिथंच बसून. पाहुण्यानं खिशातून चष्मा काढला की हा पुढे होई, "मी वाचतो नं, अक्षर बारीक आहे." आणि वाची. पण जे लिहिलेलंच नाही ते दर खेपेला सारखं कसं वाचणार?

"परवा 'व्हेरी सॉरी' होतं," नानाजी तिसऱ्या दिवशी म्हणाले. "आज नुसतं 'सॉरी'?"

"व्हेरी आहे. माझ्या तोंडून राहिलं."

"असे शब्द खाऊ नये बाबा. त्यायनं दिला आहे न, मंग पोचव."

प्रयागबाई आल्यागेल्याला सांगे, "गिरिधर पोटच्या पोरासारखा बसून राहते. दुकान बंद ठेवलं त्यानं." लोक त्याच्याकडे कौतुकानं पाहत. त्याला चहात साखर जास्त मिळू लागली. तो चहा गिळताना त्याला वाटे, कोणी तरी एक थोबाडीत द्यावी, म्हणजे घशाखाली उतरेल.

शनिवारी तो जेवायला घरी गेला आणि पाच मिनिटांचा उशीर झाला. परतला तेव्हा खाटेच्या कडेला रुपराव बसले होते. रुपराव म्हणजे तार ऑफिसातून निवृत्त झालेले तारबाबू, नानाजींचे जुने सोबती. त्यांच्या नाकावर चष्मा होता आणि हातात ते पत्र. वाचून संपत आलं होतं.

"काय म्हणते?" नानाजींनी विचारलं. "चौदाच्या चौदा मान्य केल्या न?"

रुपरावांनी शेवटची ओळ वाचली. मान वर केली. दारात उभ्या असलेल्या गिरिधरकडे पाहिलं. मग पट्टीकडे. मग पुन्हा गिरिधरकडे. एवढ्या वेळात एखादी लहान तार सहज निघाली असती.

"हो," रुपराव म्हणाले. "तसंच लिहिलं आहे."

"व्हेरी आहे का त्यात?"

"आहे."

त्यांनी पत्र घडी करून उशीखाली सरकवलं, तब्येतीला जपा म्हणाले आणि उठले. गिरिधर त्यांच्या मागे अंगणाबाहेर गेला. रुपराव सायकलीचं कुलूप काढत होते. कुलूप पहिल्या झटक्यात निघालं नाही.

"तेहेतीस वर्षं तारा वाचल्या गा मी," ते कुलपाशी बोलावं तसं बोलले. "ज्याले वाचता येत नसे, त्याले वाचून द्या लागत असे. पोरगा मेला असला तर मेला म्हणूनच वाचलं. समोर माय उभी राहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही केला. आज केला."

"रुपरावजी, मी…"

"तुह्यासाठी नाही केला. त्याची पट्टी ओली झाली असती म्हणून केला. डाक्टरनं रडू नको म्हणलं आहे." ते सायकलीवर बसले. जाताना त्यांनी नेहमीसारखी घंटी वाजवली नाही.

गिरिधर तिथं उभा राहिला. स्वतः खोटं बोलणं त्याला एव्हाना सरावाचं झालं होतं. पण आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही अशा तोंडून निघताना त्यानं प्रथमच ऐकलं होतं. स्वतःचं जेवलेलं उष्टं ताट एखाद्या म्हाताऱ्यानं गुपचूप उचलून न्यावं तसं ते होतं. घरी जाऊन तो ओट्यावर बसला. सुहासिनीनं विचारलं, "काय झालं?" त्यानं सांगितलं.

ती उठली, पदर खोचला. "चला."

"तू कुठं?"

"आकडे कोणं वाचले होते?"

दोघं खाटेसमोर उभे राहिले. प्रयागबाई देवळात गेली होती, हे एक बरं. गिरिधरनं बोलायला सुरुवात केली ती बोटीपासून, मग लक्षात आलं की बोटीच्या आधीपासून सांगायला पाहिजे, म्हणून वसंताच्या पत्राकडे गेला, तिथून कॅसेट तापण्याकडे आला. तापलेली कॅसेट सांगताना आवाज फारच बारीक झाला.

"जोरानं बोल," नानाजी म्हणाले. "डोळ्याले पट्टी आहे, कानाले नाही. पण तू असा बोलून राहिला की मले वाटून राहिलं, कानालेही बांधली."

त्यानं पुन्हा सांगितलं. जोरानं.

नानाजींचा हात उशीखाली गेला, पत्र चाचपलं, पण बाहेर काढलं नाही.

"नानाजी, मीही होती यात," सुहासिनी म्हणाली. "दर मंगळवारी नंबर मी वाचून देत होती."

"तू वाचले ते नंबर बरोबर होते?"

"हो."

"एकही बदलला नाही?"

"बदलला तर चालतच नाही ते."

"मंग झालं. तू बस."

ती बसली. गिरिधरला कोणी बस म्हणालं नाही.

मग पत्र बाहेर आलं. "वाच," नानाजी म्हणाले. "जे आहे ते."

गिरिधरनं वाचलं. पत्र लिहिणारा कंपनीचा माणूस नव्हता, कारण कंपनीच नव्हती. तो हाच खेळ बनवणारा कारागीर होता. आता एका शाळेत गणित शिकवतो. कंपनीच्या दाराला कुलूप लावलं तेव्हा शेवटी बाहेर पडलेला तो, म्हणून टपालखातं उरलंसुरलं त्याच्याकडे पाठवतं. त्यानं लिहिलं होतं : 'मी दोनच दारं केली होती, तेवढ्यात काम थांबवलं. तुमच्या चौदा तक्रारी मी तीनदा वाचल्या. जो खेळ मी पुरा केलाच नाही, त्याच्याबद्दल कोणीतरी तक्रार करतं, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. तुम्ही खेळलात तो कोणी केला? त्याला माझ्यापेक्षा दोन दारं जास्त जमली. त्यानं सातव्या दारामागे काय ठेवलं, तेवढं कळवा. आमचं ते कधी ठरलंच नव्हतं.'

हे पत्र पहिल्याच दिवशी जसंच्या तसं वाचलं असतं तर? गिरिधरला वाटलं, नानाजी कदाचित हसलेसुद्धा असते. आता ते हसणार नव्हते. एवढं चांगलं पत्र, पाच दिवस त्या माणसाच्या डोक्याखाली होतं आणि त्याला दुसरंच ऐकवलं गेलं. ऐकवणाऱ्याला त्यातल्या कौतुकाचा एक घासही आता आपला म्हणता येत नव्हता.

"कागद घे," नानाजी म्हणाले. "टेबलावर आहे. कार्बन घाल. उत्तर द्या लागते माणसाले."

गिरिधर स्टुलावर बसला. नानाजी इंग्रजीत सांगू लागले, सावकाश, स्वल्पविरामासहित. 'आपले पत्र पोचले. आपण विचारलेला इसम माझ्या घरासमोर राहतो. रेडिओ दुरुस्त करतो. खेळ त्याने एकट्याने बनवला. तो आपल्या कंपनीचा आहे, असे त्याने मला चार महिने सांगितले. ते खोटे होते.'

गिरिधरचं पेन थांबलं.

"लिहिलं?"

"लिहून राहिलो."

'आपले पत्र त्याने मला चुकीचे वाचून दाखवले. त्यामुळे माझ्या एका मित्रालाही खोटे बोलावे लागले. तिसऱ्या दाराच्या कडीबद्दल मी जे लिहिले होते, ते मात्र कायम समजावे. सातव्या दारामागे एक चौकोन लुकलुकतो. त्याच्याकडे जागा उरली नव्हती.'

रुपरावांचं त्यांना कसं कळलं? गिरिधरनं ते सांगितलं नव्हतं. नानाजींनीच मग, कोणी विचारलं नसताना, उत्तर दिलं. "रुपराव वाचतेवेळी तुह्याकडे वळून बसला होता. खाट वाजली. वाचणारा माणूस वळत नाही."

पत्र पुरं झालं. दोन प्रती. खाली गिरिधरच्याच अक्षरात नानाजींचं नाव.

"वाचून दाखव."

गिरिधरनं वाचून दाखवलं. सुरुवातीपासून, एकेक शब्द. 'ते खोटे होते' तिथं तो थांबला नाही. त्याला वाटलं, हे तरी आपण नीट केलं.

नानाजी ऐकत होते.

"जसं लिहिलं, तसंच वाचलं न?"

"हो, नानाजी."

नानाजींनी मान हलवली. मग पट्टी बांधलेला चेहरा सुहासिनी बसली होती त्या बाजूला वळवला. "सुहास, बाई, तू एकडाव वाच वं."

तिनं गिरिधरकडे पाहिलं नाही. त्याच्या हातातून कागद घेतला आणि वाचू लागली, मंगळवारी आकडे वाची त्याच सपाट आवाजात. गिरिधर स्टुलावरून उठून उभा राहिला. का उठला, ते त्यालाही समजलं नाही. बसून ऐकणं जमेना एवढंच. तिच्या आवाजात तो समोरच्या घरात राहत होता, रेडिओ दुरुस्त करत होता आणि चार महिने खोटं बोलत होता.

वाचून झालं.

"जुळलं," नानाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गिरिधरनं वाचलेलं ताडून पाहायचं एक काम जास्तीचं लागलं, पुढंही लागत जाईल, एवढंच होतं. "पाकीट टेबलाच्या खणात आहे. पत्ता तूच लिही, सुहास. चिकटव."

"डिंक वाळला आहे, नानाजी."

"मंग थोडं पाणी लागते," नानाजी म्हणाले. "गिरिधर, तू पाणी आण."

गिरिधर पाणी आणायला गेला.